वासुदेव बळवंत फडके

वासुदेव बळवंत फडके (जन्म : शिरढोण, ४ नोव्हेंबर १८४५, मृत्यू : एडन, १७ फेब्रुवारी १८८३) हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र बंड उभारणारे मराठी क्रांतिकारक होते. त्यांना आद्य क्रांतिकारक म्हटले जाते.

पूर्वायुष्य

शिरढोण हे गाव आजच्या रायगड जिल्ह्यात, पनवेलजवळ कर्नाळा किल्ल्याच्या परिसरात आहे. फडके यांनी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात सुमारे पंधरा वर्षे नोकरी केली. आईच्या आजारपणात रजा वेळेवर न मिळाल्याने तिची अखेरची भेट झाली नाही. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी शस्त्रविद्येचे शिक्षण घेतले. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा स्थापली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली.

बंड

१८७६-७७ च्या दुष्काळातील हालअपेष्टा पाहून फडके बंडाकडे वळले. सुशिक्षितांकडून साथ न मिळाल्याने त्यांनी रामोशी, कोळी इत्यादी समाजांतील लोक जमवले. टपाल, रेल्वे व तारयंत्रणा तोडून सरकारला हतबल करावे, असा त्यांचा बेत होता. सैन्य उभारण्यासाठी पैसा हवा होता. म्हणून फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी येथे पहिला मोठा दरोडा घालण्यात आला. मात्र अनेक साथीदारांचे लक्ष लुटीच्या वाट्यावरच राहिले. या अनुभवाने निराश होऊन फडके श्रीशैल येथे गेले. तेथे त्यांनी आत्मवृत्त लिहिले.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पनवेलजवळील पळस्पे व चिखली ही गावे लुटली. या स्वारीत सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज मिळाला. परंतु घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने टोळीला गाठले व चकमकीत नाईक ठार झाले. फडके यांच्याच जन्मभूमीच्या परिसरातील ही स्वारी बंडाला फार मोठा पैसा देऊन गेली आणि प्रमुख सहकारी मात्र घेऊन गेली.

अटक व शिक्षा

यानंतर रोहिल्यांची नवी फौज उभारण्याचे फडके यांचे प्रयत्न चालू होते. जुलै १८७९ मध्ये आजारी अवस्थेत असताना मेजर डॅनियल व हैदराबाद संस्थानचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना विजापूर भागातील देवरनावडगी येथे पकडले. पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी यांनी त्यांच्या बचावाची बाजू मांडली. फडके यांनी स्वहस्ते लिहिलेले आत्मवृत्त व रोजनिशी हाच सरकारपक्षाचा प्रमुख पुरावा ठरला. त्यांना जन्मठेप होऊन १८८० मध्ये एडनला पाठवण्यात आले. तेथील तुरुंगातून ते एकदा निसटले, पण लवकरच पुन्हा पकडले गेले. तुरुंगातच त्यांचे निधन झाले.

स्मृती

शिरढोण येथे त्यांचे स्मारक आहे. भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुंबईत मेट्रो चित्रपटगृहाजवळील चौकास त्यांचे नाव देण्यात आले आहे.