इर्मा रॉम्बाउअर : पदरमोड करून छापलेल्या पाकग्रंथाची कहाणी

अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या सेंट लुईस शहरात १९३१ च्या नोव्हेंबर महिन्यात पाककृतींचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. 'द जॉय ऑफ कुकिंग' हे त्याचे नाव. त्यावर कोणत्याही नामांकित प्रकाशन संस्थेची मुद्रा नव्हती. चौपन्न वर्षांच्या इर्मा रॉम्बाउअर यांनी ते स्वखर्चाने छापून घेतले होते.

इर्मा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८७७ रोजी सेंट लुईस येथे एका जर्मन वंशाच्या डॉक्टरच्या घरी झाला. वडिलांची अमेरिकेचे वाणिज्य दूत म्हणून नेमणूक झाल्याने बालपणीची काही वर्षे त्यांनी जर्मनीतील ब्रेमेन शहरात काढली. १८९९ मध्ये एडगर रॉम्बाउअर या वकिलाशी त्यांचा विवाह झाला. पहिले अपत्य तान्हेपणीच दगावले. पुढे मॅरियन ही कन्या आणि एडगर हा पुत्र झाला. शहराच्या सामाजिक जीवनात इर्मा यांचा सतत वावर असे. पाहुणचारात त्या अग्रेसर होत्या. सुगरण म्हणून मात्र त्यांचा लौकिक नव्हता.

महामंदीचे सावट पसरत असतानाच, फेब्रुवारी १९३० मध्ये, दीर्घकाळ नैराश्याने ग्रासलेल्या पतीने आत्महत्या केली. मागे सुमारे ६ हजार डॉलरची पुंजी उरली. पन्नाशी ओलांडलेल्या आणि अर्थार्जनाचा कोणताही अनुभव नसलेल्या इर्मा यांच्यापुढे चरितार्थाचा आणि त्याहूनही अधिक रित्या झालेल्या दिवसांचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी त्यांनी पाकपुस्तक लिहिण्याचा निश्चय केला, तेव्हा मुलांसह साऱ्यांनाच नवल वाटले.

काही वर्षांपूर्वी चर्चच्या महिला मंडळासाठी त्यांनी काही पाककृती संकलित केल्या होत्या. तेच या कामाचे बीज ठरले. आप्त आणि मैत्रिणींकडून त्यांनी कृती मागवल्या, स्वयंपाकघरात करून पाहिल्या आणि फसलेल्या कृती पुन्हा केल्या. पतीच्या कार्यालयातील माजी चिटणीस महिलेने टंकलेखनाचा भार उचलला. मॅरियनने मुखपृष्ठ आणि आतील छायाकृती तयार केल्या. मुखपृष्ठावर स्वयंपाक करणाऱ्यांची रक्षणकर्ती संत मार्था एका ड्रॅगनचा वध करताना दिसते. स्वयंपाकघरातील कष्टांचाच तो ड्रॅगन होता.

ए. सी. क्लेटन या स्थानिक मुद्रणालयाकडे छपाई सोपवण्यात आली. त्याचा मुख्य व्यवसाय लेबले छापण्याचा होता. ३ हजार प्रतींसाठी सुमारे ३ हजार डॉलर, म्हणजे जवळची निम्मी शिल्लक, खर्ची पडली. पुस्तक फसले असते, तर वार्धक्याचा आधारच डळमळला असता. विक्रीची धुराही इर्मा यांनी स्वतः वाहिली आणि अवघ्या काही महिन्यांत बहुतेक प्रती खपल्या.

पुस्तकाच्या यशाचे मर्म त्यांच्या अननुभवातच दडले होते. नवखी गृहिणी कोठे अडखळते, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. त्यामुळे कृतींच्या जोडीला त्यांनी मिस्कील, धीर देणाऱ्या गप्पाही लिहिल्या. नव्या आवृत्तीची सिद्धता करताना त्यांनी कृती मांडण्याची निराळी रीत शोधली. आरंभी साहित्याची यादी आणि नंतर कृती, या प्रचलित पद्धतीऐवजी जो जिन्नस ज्या क्षणी लागतो, तो त्याच पायरीवर प्रमाणासह देण्यात आला. त्यामुळे वाचकाला वारंवार मागे वळून यादी पाहावी लागत नसे.

अनेक प्रकाशकांच्या नकारानंतर इंडियानापोलिस येथील बॉब्स-मेरिल या संस्थेने १९३६ मध्ये ही आवृत्ती प्रसिद्ध केली. कराराची बोलणी इर्मा यांनी स्वतःच केली. त्या करारान्वये नव्या आवृत्तीचेच नव्हे, तर स्वखर्चाने छापलेल्या मूळ पुस्तकाचेही स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे गेले. पुढे १९४३ च्या आवृत्तीने विक्रीचा उच्चांक गाठला, तरी हा सौदा कुटुंबाला सलत राहिला आणि प्रकाशकाशी वर्षानुवर्षे वाद होत राहिले.

१९५१ च्या आवृत्तीपासून मॅरियन सहलेखिका झाली. त्यानंतर पक्षाघाताच्या झटक्यांनी इर्मा यांची प्रकृती खालावली आणि १४ ऑक्टोबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी प्रकाशकाने मॅरियनच्या संमतीविना नवी आवृत्ती बाजारात आणली. पुढे मॅरियनने ती दुरुस्त करून घेतली.

न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने १९९५ मध्ये विसाव्या शतकातील प्रभावी ग्रंथांची निवड केली, तेव्हा त्यात स्थान मिळालेला हा एकमेव पाकग्रंथ होता. आजवर त्याच्या पावणेदोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. २०१९ ची आवृत्ती इर्मा यांचे पणतू जॉन बेकर आणि त्यांच्या पत्नी मेगन स्कॉट यांनी सिद्ध केली. त्यांनीही प्रत्येक कृती छापण्याआधी स्वयंपाकघरात पारखून घेण्याचा घराण्याचा शिरस्ता पुढे चालवला.