राजवाड्यातला चित्रकार आपल्या घरच्या भिंतीवर कसा आला?

राजा रविवर्मा (१८४८-१९०६) मूळचे केरळमधल्या किळिमानूरचे. ऑर्डर घेऊन राजघराण्यांची पोर्ट्रेट रंगवणं, हे त्यांचं मोठं काम. १८८१मध्ये ते बडोद्याला गेले आणि १८ वर्षांच्या सयाजीराव गायकवाडांचं चित्र रंगवलं. धाकटे भाऊ राजराज वर्मा सोबत असत; अनेक चित्रांची पार्श्वभूमी तेच रंगवत.

मग प्रेस कशाला?

राजवाड्यातलं तैलचित्र मोजकेच पाहत. म्हणून १८९४मध्ये भावांनी मुंबईत लिथोग्राफीचा प्रेस काढला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, यंत्रं जर्मनीची. लक्ष्मी-सरस्वती सामान्यांच्या घरी आल्या.

पुढे काय झालं?

चित्रं खपली, पण कर्ज वाढलं. प्रेस मळवलीला हलवला आणि अखेर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. १९०५मध्ये भाऊ गेला, पुढच्याच वर्षी रविवर्मा. गिरगाव-लालबागच्या कॅलेंडरांवर त्यांची लक्ष्मी आजही दिसते.