भुवया परत देणारे डॉक्टर

कांदिवलीत आज केशरोपणाचे दवाखाने सहज सापडतात. विरळ होणाऱ्या केसांसाठी मिनॉक्सिडिल, फिनास्टराइड आहे; तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु केस गळाल्यामुळे माणसाला घरदार सोडावे लागे, असेही दिवस महाराष्ट्राने पाहिले आहेत. कुष्ठरोगात भुवया झडत आणि कोऱ्या कपाळावरून गाव रोगी ओळखे. रोग बरा झाला तरी ही ओळख पुसली जात नसे. ती पुसण्यासाठी डॉ. नोशीर अंतिया यांनी शल्यविद्या पणाला लावली.

१९२२ साली जन्मलेले अंतिया इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे प्लास्टिक सर्जरी शिकले. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांचे चेहरे घडविणारे ते गिलीज. मायदेशी परतल्यावर अंतियांना बडी प्रॅक्टिस सहज मिळाली असती. ते पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात रमले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. कुष्ठरुग्णाला सर्वसाधारण रुग्णालयात इतरांप्रमाणेच खाट मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी तो अनेकांना रुचणारा नव्हता.

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात. त्यामुळे भुवया जातात, पण डोक्यावरचे केस बहुधा टिकतात. शल्यविशारदांनी नेमका याचाच उपयोग केला. कानशिलावरच्या केसाळ त्वचेची अरुंद पट्टी रक्तवाहिनीसह सोडवून, कपाळाच्या कातडीखालून बोगदा काढून ती भुवईच्या जागी आणायची. केस मात्र आपला स्वभाव सोडत नाहीत! नवी भुवई डोक्याच्या केसांसारखीच वाढते आणि तिला नियमित कात्री लावावी लागते. केसाचा हा हट्टीपणाच आजच्या केशरोपणाचाही पाया आहे.

बसलेले नाक, वाकडी बोटे, लोंबणाऱ्या कानाच्या पाळ्या यांवरही अंतियांनी काम केले. कानाची कड दुरुस्त करण्याची १९६७ ची अंतिया-बुच पद्धत जगभरच्या शल्यविशारदांना परिचित आहे.

एवढे कौशल्य हाती असूनही सत्तरच्या दशकात ते रायगडातील मांडव्याकडे वळले. गावातल्या अल्पशिक्षित बायका प्राथमिक आरोग्यसेवा उत्तम सांभाळू शकतात, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. वैद्यकीचा बाजार होऊ लागल्यावर त्यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना परखड बोल सुनावले. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.