मुलांत देव पाहणारे गुरुजी

दत्तजयंतीला गुरूंचं स्मरण करताना मला साने गुरुजी हमखास आठवतात. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला त्यांचा जन्म झाला. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. छात्रालयात मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते मुकाट्याने झाडायचे, कपडे धुवायचे. मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढायचे. मुलांची सेवा हीच त्यांची पूजा! १९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढे तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली.

आपले दत्तप्रभू तर पृथ्वी, मधमाशी, पतंग अशा चोवीस गुरूंकडून शिकले. नातवंडांना स्तोत्र येत नाही म्हणून डोळे वटारण्याआधी त्यांना ही गोष्ट सांगा. मुलाला नवल वाटलं की पाठांतर मागोमाग येतं.

श्रीगुरुदेव दत्त!