भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण परळमध्ये झालं होतं! कोण होते डॉ. पी. के. सेन?

हृदयाची झडप बदलायची आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं की आजही घरचे हबकतात. पण ७० वर्षांपूर्वी मुंबईत हा पर्यायच नव्हता. हे चित्र बदलणाऱ्यांमध्ये केईएम हॉस्पिटलचे डॉ. प्रफुल्लकुमार सेन आघाडीवर होते.

१९१५ साली कलकत्त्यात जन्मलेले सेन नागपुरात वाढले. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अनुभव घेतला आणि पुन्हा परळलाच परतले.

शीव कोळीवाडा असो की लालबाग, दाटीवाटीच्या वस्तीत घशाचा जंतुसंसर्ग पटकन पसरतो. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत, तर काही मुलांना रुमॅटिक फिव्हर होतो आणि पुढे हृदयाची मायट्रल झडप आकसते. मग जिना चढतानाही धाप लागते. १९५० च्या दशकात सेन आणि त्यांचे सहकारी धडधडत्या हृदयात बोट घालून अशी झडप मोकळी करत. हृदय थांबवून काम करू देणारं हार्ट-लंग मशीन आलं आणि १९६० पासून कृत्रिम झडप बसवणंही शक्य झालं.

१६-१७ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री सेन यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं हे सहावं. रुग्ण मात्र काही तासांतच दगावला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. तो १९९४ मध्ये आला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये यशस्वी प्रत्यारोपण झालं. सेन यांना ते पाहता आलं नाही. १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालेले सेन १९८२ साली वारले.

आज झडप बदलल्यावर साधारण आठवडाभर हॉस्पिटलमध्ये राहावं लागतं. छातीचं हाड भरून यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर जड उचलायचं नाही. धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्ततपासणी जन्मभर चुकत नाही. प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेल्या झडपेला बहुतेकदा ही गोळी कायमची लागत नाही, पण ती साधारण १०-१५ वर्षांत झिजते. दात काढायचा असला तरी डेंटिस्टला झडपेबद्दल आधी सांगायचं.

आणि हो, मुलाचा घसा दुखून ताप आला, तर अंगावर काढू नका. झडप वाचवायची सुरुवात तिथूनच होते.