मलिक अंबर आणि जमिनीखालची नहर

मलिक अंबर हे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते गनिमी काव्याच्या ओघात. लढाया परीक्षेत विचारल्या जातात, म्हणून त्या पाठ होतात. परंतु त्यांनी वसविलेल्या शहराला पाणी कोठून मिळाले, हे क्वचितच कोणी सांगते.

त्यांचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले व बगदादला पोचले. तेथील मालकाने त्यांना शिक्षण दिले. अंबर हे नाव तेव्हाचेच. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचे पेशवे चंगीझखान यांनी त्यांना विकत घेतले. चंगीझखान स्वतःही हबशी होते. त्यांच्या पदरी अंबर राज्यकारभार शिकले आणि धनी वारल्यावर मोकळे झाले. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा परांड्यास मुर्तजा निजामशहास गादीवर बसवून त्यांनी बुडालेले राज्य पुन्हा उभे केले.

१६१० साली त्यांनी खडकी या खेड्याच्या जागी शहर वसविले. आपल्या पनवेलला पाऊस भरपूर, गावात वडाळे तळ्यासारखी तळी. खडकीचे तसे नव्हते. खाम नदी लहान, आणि फौज, बाजार, कारागीर सारेच येऊन राहणार. मात्र उत्तरेकडील डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी होते. अंबर यांनी भुयार खणून ते गावाकडे आणले. उतार असा राखला की पाणी आपोआप वाहत येई. मोट नको, बैल नको. अंतराअंतरावर विहिरीसारखी तोंडे ठेवली, त्यांतून माणूस उतरून गाळ काढी. पंधरा महिन्यांत, अडीच लाख रुपयांत काम झाले असे सांगतात. हीच नहर-ए-अंबरी.

इराणात अशी भुयारे फार पूर्वीपासून आहेत. नवल हे, की अंबर यांच्याशी लढणारे मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानान यांच्या बऱ्हाणपुरातही १६१५ च्या सुमारास अशीच नहर झाली.

१६२१ साली मोगल फौजेने खडकी जाळली. घरे गेली, जमिनीखालच्या पाण्याला आग कशी लागणार? शहर पुन्हा उठले. १६२४ साली भातवडीला अंबर यांनी मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्यांच्या बाजूने होते. १६२६ साली अंबर वारले. कबर खुलताबादला आहे. जहांगीर बादशहा त्यांचा कमालीचा द्वेष करीत असे, तरी त्यांच्या मृत्यूनंतर मोगल इतिहासकारानेही त्यांची थोरवी मान्य केली.

निजामशाही पुढे दहा वर्षांतच संपली. नहर मात्र वाहत राहिली. १६५३ साली औरंगजेब सुभेदार म्हणून आले आणि खडकीचे औरंगाबाद झाले. नंतरच्या काळात आणखी नहरी झाल्या. त्यांपैकी एकीच्या पाण्यावर पाणचक्की फिरे आणि तिच्या पिठावर तेथील मदरशाचे विद्यार्थी व फकीर जेवत.

आज त्या शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. पिण्याचे पाणी जायकवाडीहून पंपाने चढवून आणतात, आणि उन्हाळ्यात नळाची वाट पाहावी लागते. नहरीवर ठिकठिकाणी घरे आणि रस्ते झाले आहेत. सहलीला गेलात तर पाणचक्की पाहालच. बरोबरच्या शिक्षकांना नहरीचे एखादे तोंडही दाखवायला सांगा.