काय हवे ते सांगा, वाट यंत्र शोधील

बँकेत आम्ही खातेदाराचे पान शोधायचो ते लेजरच्या सुरुवातीच्या नावांच्या सूचीवरून. सूची नसती तर पहिल्या पानापासून चाळत बसावे लागले असते. संगणकातही पूर्वी माहिती कुठे, कशी ठेवली आहे हे माणसालाच ठाऊक असावे लागे. मांडणी बदलली की प्रोग्रॅम कोलमडत.

हे ओझे उतरवले एडगर कॉड यांनी. जन्म १९२३, इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डला गणित शिकले, महायुद्धात विमाने चालवली आणि १९४८ साली न्यूयॉर्कला जाऊन आयबीएममध्ये लागले. मॅकार्थींच्या काळातले वातावरण न रुचल्याने काही वर्षे त्यांनी कॅनडात काढली.

१९७० साली त्यांनी मांडले की, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा. काय हवे ते माणसाने सांगावे, कसे शोधायचे ते यंत्राने ठरवावे. पण कंपनीची जुनी प्रणाली उत्तम खपत होती. स्वतःच्याच घरात कॉड यांना वर्षानुवर्षे वाद घालावा लागला. एसक्यूएलवर चालणारी प्रणाली १९७९ साली बाजारात प्रथम आणली ती दुसऱ्याच कंपनीने. १९८१ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २००३ मध्ये ते गेले.

आजही उत्तर यायला वेळ लागला, की जाणकार आधी सूची पाहतो. ती नसेल तर यंत्रही पान न् पान चाळते. मात्र सूच्या फार झाल्या तर प्रत्येक नवी नोंद जड होते. वाट यंत्र शोधते खरे. वाटेवर पाट्या लावायच्या त्या माणसानेच.